कोर्टाच्या भिंतीला टेकून

कार्समध्ये, कोर्टाच्या भिंतीला टेकून
हिदायत उस्ताचं टेबल असायचं, तीन पायांचं.
चौथ्याच्या जागी विटा.
टाइपरायटरच्या फितीला थंडी बाधते म्हणून
तो तिला रात्री घरी नेई,
कोटाच्या आतल्या खिशात, अंडं न्यावं तशी.

मी सतरा वर्षांची. कार्बन लावायचे.
पहिल्याच आठवड्यात मेलाहत बाई आली.
बर्फ उपसणाऱ्या नगरपालिकेच्या गाडीनं
तिचा गोठा पाडला होता, आत गाय होती.
ती तासभर बोलली. बेशरम, खुनी, देव बघून घेईल.
मी सगळं उतरवलं, बोटं आखडेपर्यंत.
उस्तानं वाचलं आणि त्यावर चहाचा पेला ठेवला.
"राग तिचा आहे, तिच्यापाशी राहू दे.
कारकुनाला गाय दे."

मग त्यानं विचारलं, नाव काय होतं गाईचं?
बाई बोलता बोलता थांबली.
"सारीकिझ," म्हणाली. पिवळी पोर.
दूध? अकरा लिटर.
गाडी आली तेव्हा किती वाजले होते?
पाच. मी चूल पेटवत होते.
एवढंच टाइप केलं त्यानं. खाली एकच मागणी.
दोन मागितल्या की वाचणारा स्वस्तातली निवडतो.

"हे वाचणार कोण?" तो मला रोज विचारी.
"साहेब."
"साहेब नव्हे. बूट भिजलेला माणूस.
जेवणाआधी चाळीस कागद, त्यातला तुझा एकोणचाळिसावा.
त्याला अन्यायी म्हणालीस तर तो अन्यायीच होईल,
सोपं असतं ते.
त्याला बसायला खुर्ची दे,
चांगलं वागायला जागा ठेव."

आणि मन वळवायचं म्हणजे, तो म्हणायचा,
चिल्दिरच्या गोठलेल्या तळ्यावर घसरगाडी वळवायची.
लगामाला हिसका दिलास की घोडा आडवा.
लांबून वळण घे, इतक्या लांबून
की घोड्याला वाटावं, आपण निघालोच होतो तिकडे.

भिंतीचे पैसे आले. गाईचे नाही आले.

एक गोष्ट त्यानं शिकवली नाही,
ती मला समोरच्या चहावाल्याकडून कळली.
माझ्या आधी कधीतरी झेकेरिया नावाचा माणूस आला होता,
कुरणाच्या हद्दीसाठी.
आमच्या बाजूला विलोचं झाड होतं, म्हणाला, तीच खूण.
झाड नव्हतंच.
पण उस्तानं त्याला सावली दिली,
सावलीत झेकेरियाचा बाप बसवला,
बापाच्या हातात अर्धी भाकरी.
न्यायाधीशानं म्हणे चष्मा काढून पुसला.
कुरण गेलं.

वसंतात त्याच स्टुलावर दुर्सून येऊन बसला,
ज्याचं गेलं तो.
त्याच्याकडे खरं होतं. फक्त खरंच होतं.
उस्तानं सात कागद फाडले.
लांबून वळण घेतलं, जवळून घेतलं,
मोजमाप घातलं, मेंढ्यांची नावं घातली.
ते झाड काही पडेना.
स्वतःच्या हातच्या झाडाला
त्याच्यापाशी कुऱ्हाड नव्हती.
पैसे घेतले नाहीत. दुर्सून हरला.
त्या दिवशी फीत टेबलावरच राहिली, रात्रभर, थंडीत.

आता स्टूल माझं आहे. चौथ्या पायाखाली त्याच विटा.
कुणी येऊन बसलं की मी आधी विचारते,
तुमच्या विरुद्धचा माणूस इथं बसला असता
तर त्यानं काय सांगितलं असतं?
निम्मे उठून जातात,
पुढच्या गल्लीत, कॉम्प्युटरवाल्याकडे.
त्याचं बरं चाललंय.

काल एकजण म्हणाला, झऱ्यापाशी आमचं झाड आहे.
मी मशीन झाकलं, मिनीबस पकडली,
शेवटचा मैलभर चिखलातून चालत.
झाड होतं.
वाळलेलं, एका बाजूला वीज पडलेली.
परत येऊन तसंच टाइप केलं.
"वाळलेलं कशाला लिहिता?" तो कुरकुरला.
"हिरवं म्हटलं तर काय बिघडतं?"

मी फीत काढली, खिशात ठेवली.
अंधारत आलं होतं.